झाकली मूठ

स्पोकेनच्या फेडरल कोर्टात, चौथ्या मजल्यावर
माझ्या यंत्राला बावीस कळा.
सांगलीच्या टायपिंग क्लासात सर म्हणायचे,
ऐकलंस ते लिही, समजलंस ते नको.
त्या एका वाक्यावर एकोणीस वर्षं
इथे माझं पोट चाललंय.

आज व्हर्ना होल्मक्विस्ट. वय एकाहत्तर.
हातात कापडी पिशवी, सोबत वकील नाही.
कारखान्याच्या उताराला तिच्या बापाची विहीर होती.
बाप ते पाणी प्यायला, ती प्यायली,
धाकटा भाऊ प्यायला, जो आता नाही.
बासष्ट साली कुणी सरकारी माणूस
त्या विहिरीतून सहा बाटल्या भरून घेऊन गेला.
तिला आठवतं, त्याने बूट दाराबाहेर काढले होते.
बाटल्यांत काय निघालं?
एवढंच विचारलंय तिने. अर्जाला सहा वर्षं झाली.

दोनशे बारा पानं सापडली म्हणे.
दिली नऊ.
ती एकेक उचलून न्यायाधीशांसमोर धरते.
वर तारीख, खाली काळं.
वर तारीख, खाली काळं.
मला तीट आठवली, बाळाच्या गालावरची,
दृष्ट लागू नये म्हणून टेकवलेलं बोटभर काजळ.
इथे अख्खं बाळ काजळात बुडवलंय
आणि सांगतायत, सुखरूप आहे, उघडून बघू नका.

खात्याचा वकील तरुण आहे, अदबशीर.
वॉशिंग्टनहून एका अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आलंय:
पानं मी वाचली.
दाखवण्याजोगी नाहीत.
का नाहीत, तेही सांगण्याजोगं नाही.

न्यायाधीश पेटिग्रू तसे वाईट नाहीत.
नाताळात आम्हा सगळ्यांना पेअरची पेटी पाठवतात.
ते चष्मा पुसतात, विचारतात,
खात्याची नियत खोटी आहे याचा काही पुरावा, मॅडम?
पुरावा त्या पानांत आहे.
ती पानं मी पाहिलेली नाहीत.
मग पाहा ना.

इथे माझी बोटं क्षणभर
कळांवर नुसतीच टेकलेली.

कायदा मला पाहू देतो, ते म्हणतात,
पाहायला लावत नाही.
खात्याचा सद्भाव गृहीत धरावा लागतो.

'सद्भाव गृहीत' मी एका ठोक्यात लिहिते.
इतक्यांदा येतो हा शब्दप्रयोग, की
त्याची एक खूणच करून ठेवली आहे.
होल्मक्विस्ट मात्र अक्षर अक्षर दाबून लिहावं लागलं.

आमच्यात म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.
पण ती म्हण मूठवाल्याने स्वतःशी म्हणायची असते.
इथे मूठवाल्यालाच विचारतात, आत किती?
तो शपथेवर सांगतो, सव्वा लाख,
आणि शिक्का मारून पावती मिळते.

शेवटी तिने सातवं पान काढलं.
सगळं काळं, मधोमध एक शब्द तेवढा सुटलेला:
तरीही.
हा कशाच्या पुढचा आहे, युवर ऑनर?
कशाच्या मागचा?
की पुसणाऱ्याचा हात थकला?

वकिलाने कागद सारखे केले.
पेटिग्रूंनी घड्याळाकडे पाहिलं.
मी लिहिलं: (उत्तर ऐकू आलं नाही.)

दावा फेटाळला, अकरा चाळीस.

ती पानं पिशवीत भरत होती
आणि सवयीने हात रुमालाला पुसत होती,
झेरॉक्सचा काळा रंग हाताला लागत नाही तरी.
मग माझ्यापाशी आली.
तुम्ही लिहिलंत त्याची प्रत मिळेल?
पानाला चार डॉलर, मी म्हटलं.
त्यात सगळं असेल?
बोललेलं सगळं.
आणि ते गप्प बसले ते?
ते कंसात, मी म्हटलं.

तिने पाकीट उघडलं, नोटा मोजू लागली.